लॉनखालचा दगड : छोट्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक दुर्लक्षित धंदा

नागपुरात 'लॉन' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी लग्नाचे मैदान येते, मग बंगल्यापुढची हिरवळ. दोन्ही ठिकाणी एक तक्रार सारखी ऐकू येते. मंडपवाल्याची लोखंडी खुंटी अर्ध्यात अडते. गवत कापायच्या यंत्राचे पाते खणकन वाजते आणि त्याला खाच पडते. माळी सब्बल मारून पाहतो आणि सांगतो, "साहेब, खाली मोठा दगड आहे." त्यानंतर मालक चार जणांना विचारतो. जेसीबीवाला फाटकातून आत येऊ शकत नाही, मजूर दोन तास खोदून हात टेकतात, आणि दगड तिथेच राहतो. हे काम छोट्या ट्रॅक्टरने होऊ शकते. आपल्या गॅरेजवाल्या, फॅब्रिकेशनवाल्या आणि भाड्याने यंत्र चालवणाऱ्या बांधवांनी त्याकडे गांभीर्याने पाहावे म्हणून हा लेख. मात्र या धंद्यात हात पोळलेला माणूसही मी पाहिला आहे. तेही सांगणार आहे.

प्रथम जमीन समजून घेऊ. नागपूर शहर दोन वेगळ्या भूमींवर वसले आहे. पूर्वेकडे जुना, चमकदार कणांचा खडक आहे. पश्चिमेकडे, म्हणजे सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, अंबाझरी या पट्ट्यात काळा पत्थर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर पडून थरावर थर साचले, तोच हा पत्थर. ज्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज आपल्या शहरात आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्याच्या मागच्या शतकात टाकळी आणि सीताबर्डी भागात याच थरांच्या मधल्या मातीतून प्राचीन जीवांचे अवशेष शोधले होते. धरमपेठ या पश्चिम पट्ट्यातच मोडते.

काळा पत्थर एकसारखा झिजत नाही. त्याला आधी उभ्या-आडव्या भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरते आणि चौकोनी तुकड्यांचे कोपरे आधी कुजतात. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटत जातात, त्यांचा मुरूम होतो, आणि मधला गाभा गोल गोटा होऊन मुरमात अडकून राहतो. कबर खोदणाऱ्या बांधवांना हे पुस्तक न वाचता माहीत असते. मुरूम भराभर निघतो आणि मध्येच सब्बल ठणकन उडते. शिवाय वस्ती वसताना पायाचे आणि विहिरीचे निघालेले दगड खोलगट जागेत लोटून वर काळी माती पसरल्याचे प्रकारही जुन्या प्लॉटांवर सापडतात. म्हणून एकाच हिरवळीखाली निसर्गाचे दगडही असतात आणि माणसाने पुरलेलेही. दोघांची ओळख सोपी आहे. निसर्गाचा गोटा घट्ट मुरमात बसलेला असतो. पुरलेल्या दगडाभोवती भुसभुशीत माती, विटांचे तुकडे आणि पोकळी असते, आणि तो लवकर हलतो.

"गेल्या वर्षी हा दगड नव्हता, तो वाढला," असे मालक म्हणतात. त्यांना हसू नये. दगड वाढत नाही, पण वर मात्र येतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. भेगांत वरची बारीक माती घरंगळते, पुढच्या पावसात ती खाली फुगते आणि दगडाला वर ढकलते. थंड देशांत हेच काम जमिनीतला बर्फ करतो. वरची माती पावसाने वाहून गेली तरी दगड उघडा पडतो.

दगडाचे वजन

या धंद्यात पहिली फसगत वजनाची होते. काळ्या पत्थराचा एक घनफूट सुमारे ८२ किलो भरतो. एक फूट लांब, रुंद आणि उंच ठोकळा दोन माणसे उचलतील. दोन फुटांचा ठोकळा दुप्पट नव्हे, आठपट होतो, म्हणजे साडेसहाशे किलो. तीन फुटांचा सत्तावीसपट, म्हणजे सव्वादोन टनांच्या जवळ. गोटा पूर्ण गोल असेल तर यातले निम्म्याहून थोडे जास्त धरावे. दोन फुटांचा गोल गोटा साडेतीनशे किलोच्या आसपास, तीन फुटांचा साडेअकराशे.

आता ट्रॅक्टरची ताकद पाहा. लोक इंजिनाचे हॉर्सपॉवर विचारतात. ओढण्याच्या कामात त्याहून महत्त्वाचे असते मागच्या चाकांवर पडणारे वजन आणि खालच्या जमिनीची पकड. संत्र्याच्या बागेत ओळींमधून चालणारा पंधरा ते अठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर साधारण पाऊण टनाचा असतो. गवतावर तो आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढ देतो, ओल्या गवतावर त्याहून कमी. म्हणजे साडेतीनशे-चारशे किलोची ओढ. त्यापुढे चाके जागच्या जागी फिरतात आणि मालकाची हिरवळ उखडून जाते. परदेशात गवत कापण्यासाठी मिळणारे बसून चालवायचे यंत्र तर याहून नाजूक असते. त्याचा गिअरबॉक्स ओढण्यासाठी बनलेलाच नसतो. ते कोणी देऊ केले तरी या कामाला लावू नये.

असे असूनही छोटा ट्रॅक्टर उपयोगी का? कारण तो फाटकातून आत जातो. जेसीबी सात टनांहून जड आणि सात फुटांहून रुंद. धरमपेठच्या जुन्या बंगल्यांच्या फाटकांना, आतल्या फरशीला आणि मलवाहिनीच्या झाकणांना तो झेपत नाही. जिथे तो सहज शिरतो तिथे जेसीबीच बोलवावा. उगीच आपल्या यंत्राची हाडे मोडू नयेत.

परातीएवढा दगड

माझ्या ओळखीचे एक गॅरेजवाले भाई आहेत. नाव देत नाही. धरमपेठेतल्या एका बंगल्यात त्यांना असे काम मिळाले. हिरवळीच्या मधोमध परातीएवढा काळा दगड चार बोटे वर आला होता. मालक निवृत्त गृहस्थ. म्हणाले, "भाई, किती घ्याल ते एकदाच सांगा, मला रोजचा हिशेब नको." भाईंनी दगडाकडे पाहिले, अर्ध्या दिवसाचे काम धरले आणि उक्ती रक्कम सांगितली. मीही तिथे होतो. मलाही ती रक्कम बरी वाटली, हे कबूल केले पाहिजे.

दुपारपर्यंत खोदल्यावर दगड चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट खोल निघाला. कोपरे गोलसर होते, तरी वजन दीड टनाच्या घरात. भाईंनी साखळी लावली आणि ट्रॅक्टर लोटला. चाके फिरली. मग त्यांनी साखळी थोडी ढिली सोडून हिसका दिला. दुसऱ्या हिसक्याला ट्रॅक्टरची पुढची चाके वीतभर हवेत उठली आणि खाली आपटली. चौथ्या हिसक्यानंतर क्लच प्लेटचा वास आला. मजुरांची संध्याकाळची मजुरी भाईंनी खिशातून दिली. दुसऱ्या दिवशी दगड फोडणारे दोन वडार कारागीर आणले. त्यांनी दगडाभोवती फिरून, हातोडीने ठोकून आवाज ऐकला, एक रेघ खडूने मारली आणि दुपारपर्यंत त्याचे पाच तुकडे केले. मग त्याच ट्रॅक्टरने, नवी क्लच प्लेट बसवून, पाचही तुकडे तासाभरात ओढले. काम झाले, पण मिळाले त्याहून जास्त गेले. मालकाने एक पैसा वाढवून दिला नाही आणि त्याचे चुकले असेही म्हणता येत नाही. ठरले होते तेवढे त्याने दिले.

नंतर चहा पिताना भाई म्हणाले, "मी दगड पाहिलाच कुठे होता? मी तर त्याचं टोक पाहिलं."

माझ्या मते सारा विषय इथेच आहे. जे दिसत नाही, ज्याचे मोजमाप ठाऊक नाही, त्याचा पक्का सौदा करणे याला आपल्या फिकहमध्ये गरर म्हणतात आणि नबी (स.) यांनी गररच्या सौद्याची मनाई केली आहे. पाण्यातल्या मासळीचे उदाहरण उलेमा नेहमी देतात. जमिनीतला दगड त्याहून वेगळा नाही. म्हणून या कामात वेळेवर मजुरी ठरवणे, म्हणजे तासाचा किंवा दिवसाचा दर, हाच स्वच्छ मार्ग दिसतो. उक्तेच हवे असेल तर आधी चाचणीचा खड्डा खोदण्याचे वेगळे पैसे घ्यावेत, दगड पूर्ण उघडा करावा आणि मग रक्कम बोलावी. बारकावे आपल्या भागातल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावेत. आणि जे ठरले ते कागदावर आणावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या ज्या आयतीत आहे ती कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे, हे आपण जाणतो. तरी आपल्या किती गॅरेजांत पावतीपुस्तक आहे?

काम कसे करावे

कामाचा हंगाम दसरा-दिवाळीचा. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर रुततो, मे महिन्यात तीच माती विटेसारखी होते. पाऊस थांबल्यानंतरचे काही आठवडे माती ओलसर असते, सुटते आणि चाक धरते. लग्नसराईही तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, म्हणून लॉनवाल्यांना नेमकी तेव्हाच घाई असते.

खोदण्याआधी खाली काय गेले आहे ते विचारा. चोवीस तास पाण्याची योजना नागपुरात आधी धरमपेठ विभागातच प्रयोग म्हणून आली, नंतर २०१२ पासून शहरभर काम सुरू झाले. त्यात घरोघरीच्या जुन्या लोखंडी नळ्या बदलून प्लास्टिकच्या टाकल्या गेल्या. लोखंडी नळीवर सब्बल लागले तर आवाज येतो, प्लास्टिकची नळी मुकाट्याने फाटते. मीटर कुठे आणि नळी घरात कुठून शिरते हे पाहून चुन्याच्या फक्कीने रेघ मारा. विजेची तार, बागेचा दिवा, बोअरवेलची केबल यांचीही तशीच रेघ. झाडाच्या मुळांत अडकलेला दगड असेल तर मुळे तोडण्याआधी थांबा. शहरी भागातल्या झाडांना १९७५ च्या राज्य कायद्याचे संरक्षण आहे.

मग पातळ सब्बल वीत-वीतभर अंतरावर टोचत दगडाची कड शोधा आणि तीही फक्कीने आखा. त्याबाहेर दीड फूट सोडून हरळीचे चौकोन फावड्याने कापून काढा आणि ओल्या पोत्यावर सावलीत मांडा. हरळी चिवट आहे, दोन-तीन दिवस पाणी मारत राहिले तर मरत नाही. चारी बाजूंनी खोदताना ज्या बाजूला ट्रॅक्टर उभा राहणार तिकडे सरळ भिंत न ठेवता लांब उतार काढा. याच कामाला लोक कंटाळा करतात, आणि याच उताराने ओढ निम्म्यावर येते. सब्बलांनी दगड एका बाजूने बोटभर उचलायचा, खाली खडा सारायचा, दुसरीकडून उचलायचा, पुन्हा खडा. अशा रीतीने दगड मातीपासून सुटतो. खालची ओली माती दगडाला चिकटून धरते. ती पकड एकदा सुटली की उरते फक्त वजन.

साखळी दगडाच्या खालून घेऊन वरून आणावी, म्हणजे ओढताना दगड फरफटत न येता लोळत येतो. गोल गोट्याला ही युक्ती फार मानवते. साखळी भंगारातली नको. वजनाच्या कामाची, ग्रेड ८० चा शिक्का असलेली १० मिलिमीटरची साखळी तीन टनांपेक्षा थोडे जास्त वजन सुरक्षितपणे घेते. नायलॉनचा दोर वापरू नये. तो रबरासारखा ताणतो आणि तुटला तर हुकासकट माणसावर येतो. साखळीवरही मधोमध ओले पोते टाकून ठेवावे आणि साखळीच्या लांबीच्या आत कोणी उभे राहू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. साखळी नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावी, मागच्या आसाच्या खाली. सीटला, टॉप लिंकला किंवा आसाभोवती कधीही नाही. साखळी आसापेक्षा वर बांधली आणि दगड हलला नाही, तर चाके थांबतात आणि इंजिन ट्रॅक्टरच्या धडालाच मागे उलटवते. पूर्ण उलटायला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात क्लच दाबायचे कोणाला सुचत नाही. भाईंची पुढची चाके वीतभर उठली तेव्हा मी जागेवर कलमा पढलो, इतकेच सांगतो. पहिला गिअर, कमी रेस, साखळी आधी सावकाश ताणून घ्यायची आणि मग जोर. हिसका अजिबात नाही. पुढे वजनाच्या पाट्या लावाव्यात, चाकांखाली लाकडी फळ्या टाकाव्यात. दगड आला नाही तर अहंकार बाजूला ठेवून उतरावे आणि आणखी खोदावे, नाहीतर फोडावे.

फोडण्यासाठी जुनी पाचरेची रीत आजही उत्तम आहे. हॅमर ड्रिलने एका रेघेत वीतभर अंतरावर छिद्रे घ्यायची, प्रत्येकात दोन अर्धगोल लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर बसवायची, आणि सगळ्या पाचरांना क्रमाने थोडे थोडे ठोकत जायचे. रेघ कुठे धरायची हे वडार आणि पाथरवट बांधवांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. त्यांना कामात भागीदार करून घ्यावे, मजूर म्हणून नव्हे. दुसरा उपाय चुन्याच्या जातीच्या फुगणाऱ्या भुकटीचा. ती पाण्यात कालवून छिद्रांत भरली की फुगून साधारण एका दिवसात दगड चिरते, आवाज नाही की धूर नाही. मात्र ती हवेच्या तापमानाप्रमाणे निरनिराळ्या जातींत मिळते. नागपूरच्या उन्हात थंडीची भुकटी भरली तर ती छिद्रातून उसळून डोळ्यांत जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे लागतातच. सुरुंगाचा विचारही करू नये. विनापरवाना स्फोटके वापरणे हा गुन्हा आहे, आणि देशभरच्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.

फॅब्रिकेशनवाल्यांसाठी

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, त्यांच्यासाठीही इथे काम आहे. दगड खड्ड्याबाहेर आल्यावर त्याला गवतावरून फरफटत नेता येत नाही. त्यासाठी ६ मिलिमीटरच्या पत्र्याची, तीन फूट रुंद आणि चार फूट लांब घसरपाटी लागते. पुढची कड वर वळवलेली, दोन्ही कोपऱ्यांत साखळीची कडी आणि बाजूंना पाइपची बोटभर कड. पत्र्याचे वजन पन्नास किलोच्या थोडे वर जाते. दोन माणसे ती टेम्पोत टाकू शकतात. दुसरी वस्तू ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला लावायचा दोन-तीन दातांचा पंजा. लहान दगड त्याने चाळून निघतात. दात ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यांचे केले तर टिकतात, पण ते पोलाद कडक असते. थंड पाट्यावर साधा रॉड मारला तर जोड बाहेरून छान दिसतो आणि पहिल्याच दगडाला कडकन सुटतो. पाटा आधी चांगला तापवावा, लो-हायड्रोजन रॉड कोरडा करून वापरावा आणि जोड राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड होऊ द्यावा.

ट्रॅक्टर विकत घेण्याची घाई नको. काटोल, कळमेश्वर, वरूड भागातल्या संत्रा बागायतदारांचे छोटे ट्रॅक्टर वर्षातले कितीतरी दिवस उभे असतात. त्यांच्याशी भागीत व्यवहार होऊ शकतो. फक्त नोंदणी आणि विमा पाहावा. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याच्या बिगरशेती कामात असताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. व्याजाचे कर्ज काढून यंत्र घेण्यापेक्षा असा भागीचा व्यवहार आपल्याला दोन्ही अंगांनी सोयीचा.

निघालेल्या दगडाचे काय करायचे, हेही आधीच लिहून घ्यावे. गाडीत भरून बाहेर नेऊन विकायचा तर दगड आणि मुरूम ही गौण खनिजे आहेत. स्वामित्वधन आणि वाहतुकीचा परवाना याबद्दल तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय गाडी हलवू नये. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली होणारा दंड साऱ्या कामाची कमाई खाऊन टाकील. दगड त्याच आवारात कुंपणाला, पायरीला, झाडाच्या ओट्याला वापरला तर मालकही खूश आणि आपलाही वाहतूक खर्च वाचतो. कधीकधी तर दगड न काढणेच शहाणपणाचे. शेजारी त्याहून खोल खड्डा घेऊन त्यात लोटला आणि वर दीड-दोन फूट माती आली, तर हिरवळीला तो पुन्हा दिसत नाही. हा सल्ला दिल्याने आपली दोन तासांची मजुरी बुडते खरी, पण तोच मालक पुढे चार शेजाऱ्यांना आपले नाव सांगतो.

यंत्राशिवाय हे होतच नाही असेही समजू नये. नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणी येथे लोहयुगातल्या माणसांनी मोठमोठे काळे दगड आणून मांडलेली सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. त्यांच्याजवळ सब्बलीसारखे काहीतरी, दोर आणि पुष्कळ माणसे एवढेच असणार. आपल्याला मजूर महाग, म्हणून ट्रॅक्टर.

खड्डा भरण्याचे काम मजुरांवर टाकून निघून जाऊ नये. तळाला मुरूम, वर काळी माती, प्रत्येक सहा इंचांच्या थराला पाणी आणि धुमसाचे ठोके. दगड गेल्याने जेवढी जागा रिकामी झाली तेवढी माती बाहेरून आणावी लागते, ती दरात धरलेली असावी. शेवटी जमीन दोन बोटे उंच ठेवून हरळीचे चौकोन परत बसवावेत. काळी माती पहिल्या पावसाळ्यात बसतेच. म्हणून भाई आता पावतीवर एक ओळ जास्त लिहितात. पुढच्या दसऱ्याला येऊन खड्ड्यावर दोन घमेली माती मोफत टाकून देऊ. या ओळीमुळे त्यांना त्याच गल्लीत आणखी दोन कामे मिळाली, दोन्ही तासाच्या दराने.